टाटाला नेलंय

मराठवाड्यात ‘टाटा’ म्हटलं की कुणाला मीठ आठवतं, कुणाला ट्रक. पण ‘तिला टाटाला नेलंय’ एवढं वाक्य कानावर आलं की ओट्यावर बसलेल्या बाया गप्प होतात. आजाराचं नाव कुणी घेत नाही, घ्यायची गरजच उरत नाही. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत काय किंवा आसपासच्या कुठल्याही गावात काय, रीत हीच. मुंबईत परळला असलेल्या एका इस्पितळाचं नाव साडेपाचशे किलोमीटरवरच्या गावांच्या बोलीत आजाराचं टोपणनाव होऊन बसलं, त्याला काही दशकं लागली. त्या दशकांत शस्त्रक्रिया बदलली, औषधं बदलली, रेल्वेचे रूळसुद्धा बदलले. सगळ्यात कमी बदलली ती बाईच्या हाताला गाठ लागल्यापासून तिने ती कुणाला तरी सांगेपर्यंतची मुदत.

झरी परभणी तालुक्यातलं, जिल्ह्याच्या गावापासून वीसेक किलोमीटरवरचं. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. इथल्या चाळिशीतल्या एखाद्या शेतकरणीला न्हाताना काखेकडच्या बाजूला हरभऱ्याएवढं काहीतरी कडक लागतं. ती दाबून पाहते. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही, हा हिशोब तिला आईने शिकवलेला असतो आणि इतर बहुतेक आजारांत तो बरोबरही ठरतो. स्तनाच्या कर्करोगात नेमका तोच उलटा पडतो, कारण सुरुवातीची गाठ सहसा दुखतच नाही. मग पेरणी होऊ दे, खुरपणी होऊ दे, वेचणी आटोपू दे, दिवाळी जाऊ दे, पोरीचं जमू दे. मराठीत याला नेमका शब्द आहे: दुखणं अंगावर काढणं. बिनबाह्यांचा सदरा अंगावर चढवावा इतक्या सहजतेने इथल्या बाया दुखणं अंगावर काढतात, आणि घरातले लोक त्याला सोशिकपणा म्हणून नावाजतात.

ही सवय फक्त गरिबांची किंवा खेड्यातली आहे असं समजायचं कारण नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इराणच्या राणीची, अटोसाची, हकिकत लिहून ठेवली आहे. सम्राट दारयवहूची ही पत्नी. तिच्या स्तनावर गाठ आली. लहान होती तोवर लाजेपोटी तिने ती कुणाला दाखवली नाही. वाढून फुटली तेव्हा कुठे दरबारात कैदी म्हणून असलेल्या डेमोसिडीस नावाच्या ग्रीक वैद्याला बोलावणं गेलं. तिचं दुखणं कर्करोगाचंच होतं की साधं गळू, हे आता ठरवता येणार नाही. हेरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे ती बरी झाली, त्यावरून गळूच असावं अशी शंका घ्यायला जागा आहे. पण दासदासींचा ताफा हाताशी असलेल्या बाईनेही ती गाठ अंगावरच काढली, हे मात्र त्या हकिकतीत स्वच्छ लिहिलेलं आहे.

आपल्याकडे सुश्रुताने ‘अर्बुद’ नावाने गाठींचं वर्णन केलं. गोल, पक्की बसलेली, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी गाठ, हे त्याचं निरीक्षण आजच्या डॉक्टरलाही पटेल. ‘कर्करोग’ हा शब्द मात्र पश्चिमेकडचा. ग्रीक वैद्यांनी खेकड्यावरून ठेवलेल्या नावाचा हा संस्कृत पेहराव. खेड्यात तो आजही परका आहे. तिथे ‘गाठ’ असते, फार तर ‘कॅन्सर’, आणि तोही आवाज खाली करून. गाठीवरचे उपायही जुने. वैदूची मुळी, कसला तरी लेप, आणि बिब्बा. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड उठतो, जखम होते. बाईला वाटतं औषध लागू पडलं, आतलं बाहेर आलं. प्रत्यक्षात आतलं आत असतं तिथेच राहतं, वरची कातडी तेवढी भाजते आणि आणखी दोन-तीन महिने निघून जातात. बिब्ब्याला दोष देण्यात अर्थ नाही. दुसरं काही हाताशी नसलेल्या माणसांनी जे हाताशी होतं ते वापरलं.

आणि दुसरं खरोखरच काही नव्हतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात परभणी निजामाच्या हैदराबाद राज्यात होतं. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि मनमाड ते हैदराबाद या मीटरगेज मार्गाने परभणी जगाला जोडलं गेलं. मोठ्या इलाजासाठी जायचं ते हैदराबादला, मुसी नदीकाठच्या उस्मानिया इस्पितळात. तेही ज्याला परवडेल त्याने. घरातल्या पुरुषाला नेलं जाई. बाईसाठी एवढा प्रवास, एवढा खर्च, शिवाय परक्या पुरुष डॉक्टरसमोर छाती उघडी करणं, हे किती घरांनी केलं असेल याचा अंदाज वाचकाने आपल्या आजी-पणजीवरून करावा. हैदराबादला कर्करोगासाठी वेगळी संस्था उभी राहिली १९५५ मध्ये, मेहदी नवाज जंग यांच्या पुढाकाराने. पुढच्याच वर्षी राज्य पुनर्रचना झाली, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि सरकारी कागदांप्रमाणेच रोग्यांचीही तोंडं पूर्वेकडून पश्चिमेकडे वळू लागली. नकाशावरच्या एका रेघेने आजारी माणसाची दिशा कशी बदलते, याचा अभ्यास कुणीतरी करायला हवा.

पश्चिमेला परळ होतं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दुसऱ्याच वर्षी दोराबजीही गेले. परदेशात जे उपचार मिळतात ते इथेही मिळावेत या त्यांच्या इच्छेतून त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. खाटा ८०. उद्घाटनाला मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लमली. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. कर्करोगाचं इस्पितळ अणुऊर्जेकडे कसं, हा प्रश्न अजूनही लोक विचारतात. उत्तर किरणोपचारात आहे: रेडियम, कोबाल्ट हाताळणारी माणसं त्या खात्यात होती. हे लग्न जमवणाऱ्यांत होमी भाभा होते, आणि सरकारी लग्नांच्या मानाने ते बरंच टिकलं.

तिथल्या पहिल्या पिढीच्या शल्यविशारदांत डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. इस्पितळासमोरचा रस्ता त्यांच्या नावाचा आहे, आणि वांद्र्याला बाहेरगावच्या रुग्णांसाठीचं निवासही. त्यांच्या काळात स्तनाच्या कर्करोगावर जगभर एकच मोठी शस्त्रक्रिया चाले. अमेरिकेतल्या विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या पन्नास रुग्णांचा अनुभव छापला होता: स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकसंध काढायचं. त्यामागचा तर्क साधा होता. रोग केंद्रापासून वर्तुळासारखा पसरतो, तेव्हा वर्तुळ जितकं मोठं कापाल तितकं बरं. पाऊणशे वर्षं हा तर्क कुणी मोडू शकलं नाही. त्या शस्त्रक्रियेनंतर छातीच्या फासळ्या दिसत, हात सुजून खांबासारखा होई, खांद्यावर पदर ठरेना. कळशी डोक्यावर घेणाऱ्या, विळा चालवणाऱ्या, ओंजळ ओंजळ कापूस वेचणाऱ्या बाईसाठी हात जाणं म्हणजे रोजी जाणं. जीव वाचला म्हणून घरी आलेली बाई शेतात उभी राहू शकेना. हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया मोजणाऱ्या शोधनिबंधांत वेचणीच्या पाट्या मोजण्याचा रकाना नव्हता.

तर्क मोडला तो हळूहळू. लंडनच्या जेफ्री केन्स यांनी १९२० च्या दशकात रेडियमच्या सुया वापरून लहान शस्त्रक्रिया करून पाहिली. सहकाऱ्यांनी थट्टा केली. मग इटलीत मिलानच्या उंबर्तो वेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवर तुलना केली: निम्म्यांची मोठी शस्त्रक्रिया, निम्म्यांची फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढून नंतर किरणोपचार. १९८१ मध्ये निष्कर्ष आला, आयुष्य दोन्हींत सारखंच. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९८५ मध्ये तेच दाखवलं. वर्तुळ मोठं कापून उपयोग नव्हता, कारण ज्यांचा रोग पसरायचा असतो त्यांचा तो रक्तावाटे आधीच निसटलेला असतो. त्याच्यासाठी औषध हवं, सुरी नव्हे.

हा विसाव्या शतकात स्त्रियांच्या बाजूने लागलेला एक मोठा निकाल. पण झरीसारख्या गावापर्यंत निकाल येईतो त्याला एक अट चिकटली. स्तन राखायचा तर किरणोपचार हवेतच, आणि ते म्हणजे त्या काळी पाच-सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. मशीन मुंबईत. बाईने महिना-दीड महिना मुंबईत राहायचं, तर सोबत कुणीतरी हवं. त्याची मजुरी बुडणार, घरी म्हशीचं दूध कोण काढणार, पोरांच्या भाकरी कोण थापणार? म्हणून डॉक्टरने दोन पर्याय समोर ठेवले तरी खेड्यातल्या कितीतरी बायांनी ‘सगळंच काढून टाका’ असं सांगितलं. शहरात त्याला अज्ञान म्हणतात. खरं तर तो एसटीच्या आणि रेल्वेच्या अंतराचा हिशोब होता, आणि तो बायकांनी बिनचूक केला होता.

त्या अंतराचीही एक हकिकत आहे. १९९० च्या दशकात गेज बदलून रूळ रुंद होईपर्यंत परभणीची गाडी मनमाडलाच संपल्यासारखी होती. मीटरगेजच्या डब्यातून उतरायचं, वळकटी, डबा आणि एक्स-रेचं मोठं पाकीट सांभाळत फलाट बदलायचा आणि मुंबईच्या गाडीत घुसायचं. टाके ओले असलेल्या बाईने परतीच्या वाटेवर हेच उलट करायचं. नंतर देवगिरी, नंदीग्राम, तपोवन थेट जाऊ लागल्या. दादरला उतरलं की पुढचा प्रश्न झोपायचा. इथे मुंबईचा एक वेगळाच इतिहास सुरू होतो, धर्मशाळांचा. गाडगे महाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, वांद्र्याचं बोर्जिस निवास. तिथल्या सतरंज्यांवर मराठवाडा, विदर्भ, बिहार, बंगाल शेजारी शेजारी झोपतो. जागा न मिळालेले इस्पितळासमोरच्या पदपथावर. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका तिथे एकमेकींना विचारतात, ‘तुमची कितवी?’ म्हणजे केमोची कितवी सलाईन. गावात ज्या आजाराचं नाव घेता येत नाही, त्याच्याबद्दल तिथे बाजारभावासारखं बोललं जातं. समुपदेशन हा शब्द खूप नंतर आला. ते काम या सतरंज्यांवर आधीपासून चालू होतं, फुकट.

आता जरा दक्षिणेला वळायला हवं, कारण या कहाणीतला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग मुंबईत नाही, बार्शीत घडला.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत डॉ. भा. म. नेने यांनी नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ कर्करोग रुग्णालय उभं केलं. नर्गिस १९८१ मध्ये कर्करोगाने गेल्या होत्या. तिथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होती, पण मुंबईची रीत इस्पितळांची रजिस्टरं उतरवून घेण्याची. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांच्या ३४६ गावांत रोगी इस्पितळात पोचतच नव्हते, मग रजिस्टरात नाव येणार कुठून? टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीच्या मंडळींनी रीतच उलटी केली. माणसं गावोगाव पाठवली. सरपंच, शिक्षक, दाई, दुकानदार यांना भेटायचं, देवळासमोर बायका जमवायच्या, कर्करोगाची लक्षणं साध्या भाषेत सांगायची आणि विचारायचं: असं कुणाला आहे का? ज्याला असेल त्याला गाडीत घालून बार्शीला तपासायला न्यायचं.

हेतू होता फक्त मोजदाद करण्याचा. पण विचारत फिरण्याचा एक परिणाम त्यांनी अपेक्षिला नव्हता इतका ठळक दिसला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांत लवकरच्या, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात येणाऱ्यांचं प्रमाण पाचेक वर्षांत ३८ टक्क्यांवरून ५१ वर गेलं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. कुणीतरी दारात येऊन नीट विचारलं, एवढंच. त्या काळी या भागात गर्भाशयमुखाचाच कर्करोग अधिक होता, स्तनाचा मुंबईच्या मानाने बराच कमी. आता देशात चित्र फिरलं आहे. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर असून २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण स्त्रिया. उशिरा होणारी लग्नं, कमी बाळंतपणं, कमी काळ अंगावर पाजणं, वाढतं वय आणि वजन, अशी कारणं सांगितली जातात. त्यातली अर्धी कारणं म्हणजे स्त्रियांच्या प्रगतीचीच यादी आहे. त्यावर उपाय प्रगती थांबवणं हा नव्हे, हे सांगायची गरज पडू नये. पण व्हॉट्सॲपवरचे उपदेश वाचले की पडते.

बार्शीने जे अनायासे दाखवलं ते स्तनाच्या बाबतीत मुद्दाम, वर्षानुवर्षं मोजून दाखवलं मुंबईच्या वस्त्यांनी. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रिया निवडल्या. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासणी. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. बेताचं शिक्षण आणि काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, फक्त बोटं. निकाल २०२१ मध्ये आला, म्हणजे पाहिलेली मुदत वीस वर्षांची. तपासणीच्या वस्त्यांत पुढच्या टप्प्यात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्यात, सापडलेल्या रुग्ण स्त्रिया ३७ टक्के. दुसऱ्या वस्त्यांत ४७. पन्नाशीच्या पुढच्या बायांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. एकूण घट १५ टक्के निघाली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी उतरली नाही. हे नीट सांगायलाच हवं, कारण ‘तपासणी केली की झालं’ असं ओरडून सांगणारे लोक हा भाग गाळतात.

या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या तपासणीचाही भाग होता. त्या भागावर आणि अशाच उस्मानाबादच्या अभ्यासावर परदेशातून कडक टीका झाली: तुलनेसाठीच्या गटातल्या बायांना तपासणी न देता वर्षानुवर्षं नुसतं पाहत राहणं न्याय्य आहे का? अभ्यासकांचं उत्तर असं की तेव्हा देशात कुठेच अशी तपासणी होत नव्हती. त्या गटाला आरोग्य शिक्षण दिलं गेलं, आणि मोजल्याशिवाय सरकारने पैसा घातला नसता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. टीका करणाऱ्यांनी गरीब बायांच्या बाजूने प्रश्न विचारला हे चांगलंच झालं. तरी या बायांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या जे ‘काहीच नाही’ आलं होतं, त्यावर इतका आवाज कधी उठला नव्हता, हेही ध्यानात राहतं.

दरम्यान अंतर आणखी एका बाजूने कमी झालं. २०१२ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं. परभणीहून ते मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर. त्याच वर्षी राज्याने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आणली. शेजारचं नांदेड पहिल्या फेरीत होतं, परभणी नव्हतं. परभणीपर्यंत ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोचली. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. सुरुवातीला पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका दाखवावी लागे. मराठवाड्यासह चौदा जिल्ह्यांत पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही ती लागू झाली. स्तनाच्या शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार यांचे दर तिच्यात ठरलेले आहेत. आधी दागिने मोडायचे आणि मग इलाज, हा क्रम यामुळे पुष्कळ घरांत बदलला. गाडीभाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि योजनेत न बसणाऱ्या तपासण्या मात्र अजून घरच्या खिशातूनच जातात.

आता झरीच्या त्या शेतकरणीकडे परत यायचं. समजा या खेपेला तिने वेचणीपर्यंत वाट पाहिली नाही. आशाताईला सांगितलं, प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन परभणी गाठलं. सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि मग गाठीचा तुकडा काढून तपासणं. गाठीला सुई लावली की कॅन्सर भडकतो, अंगभर पसरतो, ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यामुळे लोक इथूनच परत फिरतात. ती खोटी आहे. जाड सुईने घेतलेला तांदळाएवढा तुकडाच सांगतो की गाठ कर्करोगाची आहे की नाही, आणि असलीच तर कुठल्या जातीची. ईआर, पीआर आणि हर-२ अशी तीन नावं अहवालात येतात आणि त्यांच्यावर पुढचं सगळं ठरतं. पहिल्या दोनांपैकी एक जरी ‘पॉझिटिव्ह’ असेल तर पुढे पाच किंवा अधिक वर्षं रोज एक गोळी. त्यातली जुनी आणि स्वस्त गोळी टॅमॉक्सिफेन. इंग्लंडमधल्या एका कंपनीत १९६२ मध्ये डोरा रिचर्डसन यांनी ती बनवली ती गर्भनिरोधक म्हणून. त्या कामाला ती निरुपयोगी ठरली आणि कर्करोगात लाखो बायांना जगवून गेली. हर-२ पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब. हे औषध फार महाग होतं. २०१४ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आल्यावर किंमत उतरू लागली.

अहवाल यायला आठ-दहा दिवस लागतात, आणि ज्यांनी हे भोगलं त्या बाया बहुधा सांगतात की तेच दिवस सगळ्यात कठीण. सुरू झालेला इलाज सोसवतो, न कळलेला निकाल सोसवत नाही. या दिवसांत घराची परीक्षा होते. आपल्याकडे जुनी पद्धत म्हणजे डॉक्टरने नवऱ्याला किंवा मुलाला बाहेर बोलावून सांगायचं, ‘त्यांना कळू देऊ नका’. बाई आत बसून दाराकडे पाहत असते आणि तिला सगळं कळलेलं असतं. मग ती त्यांना कळू देत नाही की तिला कळलं आहे. हे नाटक कितीतरी घरांत महिनोन् महिने चाललं. आता सहीचा कागद तिच्यासमोर येतो, निदान यायला हवा. ताट-वाटी वेगळी ठेवणारी घरं अजून आहेत. हा आजार शिवल्याने, उष्ट्याने, एका अंथरुणात झोपल्याने होत नाही. ‘पोरीचं लग्न जमणार नाही’ ही दुसरी धास्ती; थेट आनुवंशिक कारण शंभरात पाच ते दहा जणींतच सापडतं.

गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करतात, मग शस्त्रक्रिया. केमो बहुधा तीन आठवड्यांनी एकदा. पहिल्या सलाईनींपैकी एक लालभडक असते; बायका तिला ‘लाल औषध’च म्हणतात, आणि त्यानंतर लघवी लाल झाली की घाबरतात. रंग औषधाचा असतो, रक्ताचा नव्हे. डॉक्सोरुबिसिन नावाच्या या औषधाचं मूळ इटलीत, कास्टेल देल मोन्ते या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजंतूत आहे. काळ्या मातीत जन्म काढलेल्या बाईला परक्या देशाच्या मातीतलं औषध लागू पडतं, आणि दोन-तीन आठवड्यांत तिचे केस हातात येतात. विधवेचं केशवपन ज्या समाजाने पाहिलं आहे, तिथे सधवेच्या उघड्या डोक्याचा अर्थ काय लावला जातो हे पुरुष डॉक्टरांना उशिरा कळलं. कित्येकींना छातीपेक्षा केसांचं दुःख जास्त होतं. केस सहसा परत येतात, काहींचे आधीपेक्षा कुरळे. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम शिकवतात. भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची आणि रोज ती थोडी वर न्यायची. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला कापसाच्या बोंडाचे ओरखडे आणि विळ्याचे वार जपावे लागतात. पण हात जातो ते दिवस हॉल्स्टेडबरोबर मागे पडले. किरणोपचाराचे, म्हणजे गावच्या भाषेत ‘लाईट’चे, दिवसही आता पुष्कळ जणींना तीन आठवड्यांवर आले आहेत. म्हणजे ‘सगळंच काढून टाका’ म्हणायला लावणारा तो जुना हिशोब नव्याने मांडायची वेळ आली आहे, आणि डॉक्टरांनी तो बाईच्या पुढ्यात बसून मांडायला हवा.

स्वस्तातल्या शोधांचं टाटाला वेड आहे म्हणतात. २०२३ मध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी १,६०० स्त्रियांवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष छापला: गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी तिच्या भोवती भूल देण्याचं साधं लिग्नोकेन टोचलं, तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर जातं. खर्च शंभर रुपयांच्या आसपास. जगाने यावर आणखी अभ्यास करावेतच, पण परळच्या इस्पितळाने आपला रोगी कोण आहे हे विसरलेलं नाही, याची ही खूण.

मात्र हे सगळं शास्त्र बाई दारातून बाहेर पडल्यावर सुरू होतं. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तीस वर्षांपुढच्या प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा आरोग्य केंद्रात स्तन तपासणी व्हायची आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांना विचारलं, तुमची अशी तपासणी कधी झाली आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या ०.९ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही. ही तपासणी परिचारिका हाताने करते, आडोशाला करते, आणि तिला पैसे पडत नाहीत. झरीच्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या लेकी-सुनांनी आशाताई दारात येण्याची वाट पाहू नये. सासूबाईंना सोबत घेऊन जावं, कारण पन्नाशीच्या पुढे याचा उपयोग जास्त सिद्ध झाला आहे आणि नेमक्या त्याच बाया सगळ्यात जास्त अंगावर काढतात.